नानांचं विलायती बिस्किट

तुमच्यापैकी कुणाला आपल्या इंग्रजीचा अभिमान आहे का? असेल तर जरा जवळ सरकून बसा. आणि चहा आधी पिऊन घ्या, मध्येच ठसका लागला तर मला बोल लावायचा नाही. माझ्या इंग्रजीपायी मी माझ्या सासऱ्यांना, चातुर्मासात कांदासुद्धा न शिवणाऱ्या माणसाला… पण थांबा. ओळीनंच सांगते, नाहीतर तुमचा विश्वास बसायचा नाही.

मी लग्न होऊन नागपुरात धरमपेठेत आले, तेव्हा बी.ए. झालेली सून म्हणजे गल्लीत अप्रूप होतं. त्यातून बी.ए. इंग्रजी घेऊन! आता तुमच्यापासून काय लपवायचं, थर्ड क्लास होता. अख्खी नाटकं मी गाइडवर काढली होती. पण क्लास विचारतो कोण? शेजारच्या बायका पोरांच्या टॉनिकच्या बाटल्या घेऊन माझ्याकडे यायच्या. मी बाटली उजेडात धरायची, भुवया जवळ आणायची आणि म्हणायची, "जेवणानंतर दोन चमचे." चुकणार कुठे? सगळीच टॉनिकं जेवणानंतर दोन चमचे असतात!

घरात आम्ही तिघंच. मी, हे आणि माझे सासरे, नाना. सासूबाई माझ्या लग्नाच्या आधीच गेल्या होत्या. हे उमरेडच्या कोळसा खाणीच्या ऑफिसात, सकाळच्या एसटीनं जायचे ते दिवेलागणीला परत. आणि नाना सरकारी कचेरीतून रेकॉर्ड कीपर म्हणून रिटायर झालेले. भोसल्यांच्या दप्तरात कारकुनी करायला आमचं घराणं नागपुरात आलं, म्हणतात. तेव्हापासून या घरातल्या माणसांना कागदावर लिहिलेलं तेवढंच खरं वाटतं.

नानांचे गुडघे गेलेले. आम्ही राहायचो पहिल्या माळ्यावर, जिन्याला सोळा पायऱ्या. वर्ष झालं होतं नाना खाली उतरून. गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे, रस्त्याकडे बघायचे, खाली खेळणाऱ्या पोरांवर ओरडायचे. माझ्याशी दिवसाकाठी तीन वाक्यं. "सूनबाई, पाणी." "सूनबाई, पोस्टमन आला का?" "सूनबाई, दार लाव." बास. घरात दोन माणसं आणि दिवसभर घड्याळाची टिकटिक. मला कधी कधी रडू यायचं हो.

अशात एके दिवशी हे उमरेडहून आले ते दोन्ही काखेत दोन मोठाले पत्र्याचे डबे घेऊन.

"हे काय?"

"बिस्किटं! विलायती!" हे धापा टाकत म्हणाले. "आमचे इंजिनीअर साहेब विलायतेला परत चालले ना कायमचे. सामान वाटून राहिले होते. कुणाला खुर्ची, कुणाला कंदील. मला डबे दिले."

"काही सांगितलं का त्यांनी?"

"सांगितलं ना. बरंच लांबलचक बोलले. मी थँक यू सर म्हटलं."

"पण बोलले काय?"

"ते मला कळलं असतं तर बी.ए.ची बायको कशाला केली असती?"

आम्ही डबा देवघरासमोरच्या पाटावर ठेवला. काय डबा होता! आपल्याकडे तेव्हा बिस्किटं म्हणजे बेकरीतून कागदात बांधून आणायची. हा डबा असा, की झाकण उघडताना 'फस्स' असा श्वास सोडला त्यानं. आत एकसारखी, तांबूस, मधे बारीक आणि दोन्ही टोकांना फुगीर अशी बिस्किटं रचलेली. नाना खुर्चीतून वाकून बघत राहिले. "डंबेल्स," ते हळूच म्हणाले. "आखाड्यात असायचे आमच्या. हुबेहूब डंबेल्सचा आकार. ताकदीचं बिस्किट दिसतंय हे."

दोन्ही डब्यांच्या एका अंगाचा कागद ओल लागून पार सोलून निघाला होता. तिथे काय चित्र होतं, देव जाणे. दुसऱ्या अंगाला मात्र बारीक अक्षरात इंग्रजी मजकूर शाबूत होता.

"सूनबाई," नाना म्हणाले, "वाच."

काय सांगू, लग्नानंतर पहिल्यांदा नानांनी मला पाणी सोडून दुसरं काही मागितलं होतं! मी पदर खोचला, डबा उजेडात धरला.

"यात घातलेले जिन्नस," मी सुरू केलं, "गव्हाचं पीठ."

"बिस्किटावर लिहिलंय? आत काय घातलंय ते?" नानांचे डोळे विस्फारले.

"हो नाना, सगळं. एकेक जिन्नस."

"अंडं आहे का बघ. अंडं असेल तर आत्ता खाली नेऊन दे."

मी बोटानं ओळ न् ओळ तपासली. दोनदा तपासली. "अंडं नाही, नाना! कुठेच नाही!"

"मग वाच पुढे."

पुढचा शब्द होता 'बोन मील'. आता तुम्हीच सांगा, बोन म्हणजे काय? हाड. मील म्हणजे काय? जेवण. दोन्ही शब्द मला चौथ्या इयत्तेपासून पाठ. मी ठणकावून सांगितलं, "हाडांचं जेवण, नाना! म्हणजे हाडांना पोषक."

नानांनी आपल्या गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवले. "हाडांचं वेगळं जेवण असतं?"

"विलायतेत असणार. तिकडचं शास्त्र काय कमी पुढे गेलंय!"

मग 'टॅलो' आलं. हे मला येत नव्हतं, डिक्शनरी माहेरी राहिलेली. पण येत नाही म्हणायचं कसं? मी म्हटलं, "हा लोण्याचा तिकडचा प्रकार." मग मीठ. मग यीस्ट, म्हणजे बेकरीत आंबवायला घालतात ते. मग चारकोल.

"चारकोल म्हणजे कोळसा," हे एकदम म्हणाले. खाणीतला माणूस, तेवढं इंग्रजी त्यांना येणारच. "बिस्किटात कोळसा?"

"दातांसाठी," मी म्हटलं. "आपण नाही का कोळशाच्या पुडीनं दात घासत?"

नाना थक्क. हे थक्क. खरं म्हणजे मीसुद्धा थक्क, कारण प्रत्येक गोष्टीचा अर्थ इतका बरोबर लागत होता!

खाली आणखी लिहिलं होतं. "दात मजबूत होतात. कोट चमकदार होतो."

"कोट?" नाना म्हणाले. "बिस्किट खाऊन कोट कसा चमकेल?"

मी क्षणभर अडले. पण थर्ड क्लास काढायला हुशारी लागत नाही असं तुम्हाला वाटतं का? "अहो नाना, अंग भरलं की कोट शोभून दिसतो. इंग्रजीत बोलायची पद्धत आहे ती."

"खरं आहे," नाना म्हणाले. त्यांचा कचेरीचा काळा कोट वर्षभर खुंटीला लोंबकळत होता.

आणि शेवटची ओळ! 'फॉर ऑल ब्रीड्स'. ब्रीड म्हणजे जात, हे मला कॉलेजपासून माहीत. मी वाचलं, "सर्व जातींसाठी."

नानांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला, परत घातला.

"काय म्हणालीस?"

"सर्व जातींसाठी, नाना."

"बघ!" नाना ह्यांच्याकडे वळून म्हणाले. "बघ, याला म्हणतात सुधारलेली माणसं. साधं बिस्किट ते! पण त्याच्यावरही लिहून ठेवलंय, सर्व जातींसाठी. आपल्याकडे एवढे पुढारी झाले, कुणाला सुचलं का?"

दुसऱ्या दिवसापासून दुपारी चार वाजता दोन बिस्किटं सुरू झाली. डब्यावर 'त्याला रोज दोन द्या, कोरडी किंवा भिजवून' असं लिहिलं होतं. 'त्याला' म्हटलंय, म्हणजे हे पुरुषांसाठीच, असा मी अर्थ काढला, म्हणून आपल्या तोंडाला नाही लावलं. ह्यांनी एक चावून पाहिलं, तर दाढ हलली. ह्यांनी नाद सोडला. नाना मात्र दुधात अर्धा तास भिजवून, चमच्यानं, औषधासारखं घ्यायचे.

"चव कशी आहे, नाना?"

"चव नाही," नाना मोठ्या आदरानं म्हणायचे. "गुणकारी वस्तूला चव नसतेच."

तर आठ दिवसांनी काय झालं! मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. जिन्यात काठीचा आवाज आला. धावत बाहेर आले तर नाना सहाव्या पायरीवर.

"नाना! अहो काय करून राहिले?"

"उतरून राहिलो," नाना म्हणाले. "हाडं जेवताहेत, तर बघू म्हटलं त्यांच्यात जोर किती आला."

त्या दिवशी फाटकापर्यंत. मग चौकापर्यंत. महिन्याभरात नाना संध्याकाळी काळा कोट चढवून महाराजबागेत जाऊ लागले! तिथे पेन्शनर मंडळींचा कट्टा होता. घरी आले की मला सगळं सांगत बसायचे, कोण काय म्हणालं, कुणाची कशी जिरवली. तीन वाक्यांचे नाना आता तासभर बोलायचे, आणि मी निवडायच्या मेथीची जुडी मांडीवर घेऊन ऐकायची. खोटं नाही सांगत, सोळा पायऱ्या काठी न टेकता चढणारे नाना बघून मी एकदा डब्याला हात जोडले होते.

कट्ट्यावर नानांचे खास दोस्त गुलाबराव. सावनेरकडचे कापसाचे शेतकरी, मुलाकडे राहायला आलेले. ते एक दिवस थेट घरी आले.

"काय वं पोरी, कोन्तं औषध देऊन राहिली तू नानाजीले? मांगल्या साली हा मानूस खुर्चीतून उठे नाही, अन् आता माह्या पुढं चालते!"

मी डबा दाखवला, जिन्नस वाचून दाखवले. गुलाबरावांनी डब्याला हात लावून तो कपाळाला लावला. "हाडायचं जेवन! मले बी दे वं दोन. माहे बी हाडं उपाशीच असन."

असं करता करता कट्ट्यावरच्या चौघा-पाच जणांना रोज एकेक बिस्किट जाऊ लागलं. आणि मग दुसऱ्या डब्याचा तळ दिसायला लागला.

"कंपनीला पत्र लिही," नाना म्हणाले. "आभार मान, आणि नागपुरात ही बिस्किटं कुठे मिळतील ते विचार. पत्ता डब्यावर आहे."

मी आनंदानं पोस्टातून विलायतेला जायचा एरोग्राम आणला. नाना खुर्चीत ताठ बसून सांगू लागले. कचेरीतला माणूस, मसुद्याचे नियम पक्के. "माझे सासरे, त्यांचं अमुक, असलं घरगुती काही नको. नातीगोती नकोत. मुद्द्याचं लिही. नाना म्हणजे नाना."

म्हणून मी काय लिहिलं, माहीत आहे? आजही मला ते पत्र शब्दन् शब्द आठवतं. 'आमचा नाना अडुसष्ट वर्षांचा आहे. पूर्वी तो दिवसभर गॅलरीत पडून असे आणि रस्त्याकडे बघत असे. तुमची बिस्किटं सुरू केल्यापासून तो जिन्यावरून पळतो. त्याला रोज संध्याकाळी बागेत जावं लागतं, नाही गेला तर तो बेचैन होतो. चार वाजले की तो माझ्या मागे मागे येतो. आता तो कुणावर ओरडत नाही. त्याचा कोट चमकतो. त्याचे मित्रही आता ही बिस्किटं खातात.'

हसा, हसा! मला तेव्हा वाटलं होतं, असं पत्र त्यांना साऱ्या हिंदुस्थानातून कुणी लिहिलं नसेल. ते मात्र खरंच होतं.

दीड महिन्यानं पोस्टमन एक लहानसं पुडकं घेऊन आला. विलायतेची तिकिटं! खालच्या बिऱ्हाडातली माणसं तिकिटं बघायला वर आली. पुडक्यात टाइप केलेलं पत्र, आणि मखमलीच्या तुकड्यात गुंडाळलेला एक पितळी गोल बिल्ला. चांदीच्या रुपयाएवढा, लखलखीत, वर अडकवायला कडी. त्यावर कोरलेलं होतं, नाना. इंग्रजीत, ठसठशीत!

नानांनी बिल्ला ओंजळीत घेतला. चाळीस वर्षं नोकरी केली, रिटायर होताना कचेरीनं एक हार आणि एक नारळ दिला होता. आणि इथे सातासमुद्रापलीकडून पदक!

"मागे काय लिहिलंय, सूनबाई?"

मागे आमचा धरमपेठेचा पत्ता होता, आणि वर लिहिलं होतं, 'सापडल्यास या पत्त्यावर पोचवावे'.

"बघा हो नाना, किती काळजी! पदक हरवलं तर कुणी आणून द्यावं म्हणून पत्तासुद्धा कोरलाय."

"काय माणसं आहेत," नाना पुटपुटले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "काय माणसं आहेत!"

झालं! बातमी महाराजबागेत गेली. गुलाबरावांनी ठरवलं, रविवारी कट्ट्यावर चहा-चिवडा, नानाजीनं पदक लावून यायचं, आणि सूनबाईनं ते पत्र सगळ्यांना मराठीत करून ऐकवायचं. मी लग्नातली साडी नेसले. नानांच्या कोटाला इस्त्री केली, खिशावर लाल फीत लावून बिल्ला टाचला. बागेत दहा-बारा म्हातारे वर्तुळ करून बसलेले. एकेक जण उठून येऊन बिल्ल्याला हळूच बोट लावून जात होता. देवळात घंटेला लावतात ना, तसं.

मी उभी राहिले आणि पत्र वाचायला लागले.

"'नानाबद्दलचं आपलं गोड पत्र आमच्या ऑफिसात सगळ्यांनी वाचलं. त्याचं वय आपण त्याच्या हिशेबानं लिहिलं असावं, तरीही त्याची कमाल आहे.'"

"वा!" मंडळी म्हणाली.

"'त्याला आमच्यातर्फे पाठीवर थोपटा.'"

गुलाबरावांनी नानांच्या पाठीवर दणकून थाप मारली.

"'हिंदुस्थानात आमची बिस्किटं मिळत नाहीत, याचं वाईट वाटतं. नाना कोणत्या जातीचा आहे, ते मात्र आपण कळवलं नाही. आम्हाला जाणून घ्यायची उत्सुकता आहे.'"

इथे कट्ट्यावर चुळबुळ झाली. मलाही घरी वाचताना हे जरा खटकलंच होतं.

"आँ?" एक जण म्हणाला. "सर्व जातींसाठी म्हणून लिहितात, आणि मग जात काहून विचारून राहिले?"

"सरकारी फॉर्म असन," गुलाबरावांनी समजूत घातली. "सांगून टाका ना जी, देशस्थ ऋग्वेदी म्हनून. लपवाचं काय त्याच्यात?"

"ऋग्वेदीला इंग्रजीत काय म्हणतात, सूनबाई?" नानांनी विचारलं.

तेवढ्यात टोकाला बसलेल्या एका गृहस्थांना चहाचा जबरदस्त ठसका लागला. डॉक्टर ठोंबरे. नुकतेच आमच्या मागच्या गल्लीत राहायला आले होते, कट्ट्यावर त्यांचा तिसराच दिवस. ठसका आवरून, डोळे पुसून ते उठले, नानांपाशी आले. "नाना, बघू जरा," म्हणाले. बिल्ल्याची पुढची बाजू वाचली. उलटून मागची वाचली. कडीवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत हसू होतं आणि दयाही होती.

"सुंदर आहे," ते नानांना म्हणाले. मग मला हळू आवाजात, "ताई, तो डबा घरी आहे का अजून? उद्या सकाळी येऊन बघू का?"

घरी येताना मी नानांना सहज विचारलं, "हे ठोंबरे कसले डॉक्टर हो?"

"गुरांचे," नाना म्हणाले. "कॉलेजात शिकवत होते. मोठा विद्वान माणूस."

सकाळी नाना आंघोळीला गेलेले असताना डॉक्टर आले. मी डबा पुढे ठेवला. त्यांनी सोललेल्या बाजूवर हात फिरवला. "इथे कुत्र्याचं चित्र असणार," ते म्हणाले.

"कुत्र्याचं? ते काहून?"

"ताई, ही कुत्र्याची बिस्किटं आहेत."

मी बसलेच हो खाली. न्हाणीघरातून नानांचं 'गंगे च यमुने चैव' ऐकू येत होतं, आणि मी जमिनीवर बसलेली!

"पण… पण अंडं नव्हतं त्यात," मी म्हटलं. बघा, काय सुचतं माणसाला!

"अंडं नाही," डॉक्टर म्हणाले. "हाडं आहेत. मील म्हणजे जेवण, तसंच मील म्हणजे भरड पीठ. बोन मील म्हणजे जनावरांच्या हाडांची भुकटी. टॅलो म्हणजे चरबी. कोट म्हणजे अंगावरचे केस. आणि ब्रीड…"

"ब्रीड कळलं मला," मी म्हटलं.

"यानं काही अपाय झालेला नाही आणि होणारही नाही," ते उठत म्हणाले. "नानांना सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. माझ्या तोंडून कधी निघणार नाही."

डॉक्टर गेले. आता माझी अवस्था काय सांगू? न सांगावं तर कुणालाच कळणार नव्हतं. बिस्किटं तर केव्हाच संपली होती. पण नाना आंघोळ करून बाहेर आले, ओल्या धोतरानं देवासमोर बसले, आणि पूजा झाल्यावर देवघराच्या कोनाड्यात ठेवलेल्या त्या बिल्ल्यालाही त्यांनी हळद-कुंकू वाहिलं! कुत्र्याच्या गळ्यातल्या बिल्ल्याला! मग मला राहवलंच नाही. मी जाऊन त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि रडत रडत सगळं सांगून टाकलं. हाडं, चरबी, कुत्रा, बिल्ला. काही ठेवलं नाही.

नाना उठले, पुन्हा न्हाणीघरात गेले, थंड पाण्यानं पुन्हा आंघोळ केली. डिसेंबरातलं नागपूरचं पाणी! दिवसभर जेवले नाहीत. खुर्चीत जाऊन बसले आणि रस्त्याकडे बघत राहिले. पाणीसुद्धा मागितलं नाही. हे संध्याकाळी आले, त्यांना मी सांगितलं, तर ह्यांचा हात गालावर गेला. "दाढ म्हणून हलली होती माझी!" एवढंच म्हणाले. मला वाटलं, संपलं. या घरात पुन्हा तीन वाक्यं. तीही नशिबात असली तर.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांचा आवाज आला. "सूनबाई, डबा आण. आणि ठोंबऱ्यांना निरोप दे, नानानं बोलावलंय म्हणून."

डॉक्टर आले. नानांनी डबा त्यांच्यापुढे ठेवला. "पहिल्या शब्दापासून सांगा. काय घातलंय, आणि काहून घातलंय."

डॉक्टर सांगू लागले. गहू ताकदीसाठी. हाडांची भुकटी कशासाठी, तर वाढत्या पिल्लांची हाडं भरायला, आणि ती कशी करतात, तर हाडं उकडून, वाळवून, दळून. यीस्ट भुकेसाठी आणि केसांसाठी. कोळसा पोटातला वायू धरायला, दातांसाठी नाही. बिस्किट इतकं टणक कशाला, तर चावता चावता कुत्र्याचे दात आपोआप साफ व्हावेत म्हणून. एकेका जिनसामागे एवढा विचार! मी दाराआड उभी राहून ऐकत होते. खरं सांगते, लाज वाटत होती तरी कान टवकारून ऐकत होते. तीन वर्षं कॉलेजात बसले, पण शब्दाच्या आत शिरणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं.

"आणि माझे गुडघे?" नानांनी शेवटी विचारलं.

"गुडघे चालल्यानं सुधारले, नाना. वर्षभर तुम्ही उठत नव्हता. विश्वास बसला, उठलात. बिस्किटाचं श्रेय फार तर तेवढंच."

नानांनी डबा उचलून मांडीवर घेतला. त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता. देवळाच्या कळसाकडे बघावं तसे ते त्या डब्याकडे बघत होते.

"कमाल आहे, डॉक्टर," ते म्हणाले. "कुत्र्याला वाचता येत नाही. तरी त्याच्यासाठी एकेक जिन्नस खरा खरा लिहून ठेवला. अन् माझ्या घरी वाचणारी बी.ए. आहे, तर मी हाडं खाऊन राहिलो!"

आणि नाना हसले. आधी खुदकन, मग खांदे हलवून, मग खुर्चीचे हात धरून. डॉक्टरही हसले. मी दाराआडून बाहेर आले, डोळे पुसत, तर नाना म्हणाले, "सूनबाई, चहा टाक. आणि साखर घालताना पाटीवर लिहून ठेव, किती घातली ते."

कट्ट्यावर नानांनी स्वतः जाऊन सगळं सांगितलं. कचेरीतला माणूस, चुकीची नोंद तशीच ठेवणार नाही. गुलाबरावांना म्हणे काडीचा फरक पडला नाही. ते एवढंच म्हणाले, "माह्या मोत्या कुत्र्यानं दोन वर्सं माह्या ताटातलं खाल्लं. म्या त्याचं खाल्लं. फिट्टंफाट."

तुम्हाला वाटत असेल, झालं, गोष्ट संपली. पण नानांनी पुढच्याच आठवड्यात मला एरोग्राम आणायला लावला. "कंपनीला खरं कळायला पाहिजे," म्हणाले. "त्यांनी जात विचारली आहे. लिही, की नाना माणूस आहे."

मी लिहिलं. या वेळी नातीगोती सगळी घातली. सासरे, सून, नवरा, काही सोडलं नाही. झालेल्या गैरसमजाबद्दल माफी मागितली. अक्षर तर असं काढलं, की मोत्यांनी पाणी भरावं. नानांनी चष्मा लावून पत्र वरून खालपर्यंत पाहिलं. मान डोलावली. मला वाटलं, चला, एकदाचा विश्वास बसला. तर त्यांनी कोट चढवला, एरोग्राम खिशात घातला आणि टणाटण सोळा पायऱ्या उतरायला लागले.

"नाना, पोस्टात टाकायला निघालात? खळ लावायची राहिली!"

"आधी ठोंबऱ्यांकडून तपासून आणतो," नाना खालून ओरडले.

तासाभरानं परत आले. गुरांच्या डॉक्टरांनी माझ्या त्या पत्रात लाल शाईनं सात चुका काढल्या होत्या.

आणि खाली, लहान अक्षरात, शेरा मारला होता, 'प्रगती आहे'.